कुरकुर

बाजारात मडके घ्यावयास गेलेली आमची आजी मडक्याच्या रंगाकडे फारसे पाहत नसे. ती ते डाव्या तळहातावर तोलून धरी, उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारी, आणि मान किंचित कलती करून ऐके. खणखणीत वाजले तर घरी आणी. बद्द वाजले तर एक शब्दही न बोलता खाली ठेवी. कुंभारही वाद घालीत नसे. चांदीच्या रुपयाचे दिवस होते तेव्हा सराफ रुपया दगडावर वाजवून घेत. खोट्या रुपयावर छाप खऱ्यासारखा उठविता येई, परंतु खऱ्याचा नाद त्यात भरता येत नसे. 'वाजवून घेणे' याचा अर्थ आपल्या भाषेत पारख करणे असा झाला, तो उगाच नव्हे. डोळ्याला फसविणे सोपे, कानाला फसविणे कठीण, असाच आपल्या वाडवडिलांचा अनुभव असला पाहिजे.

कानाचा हा अधिकार शास्त्रानेही मान्य केला आहे. छातीवर बोटांनी टिचक्या मारण्याची वैद्यांची रीत आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य किती उरले हे पिंप वाजवून ओळखण्याची युक्ती त्याने लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. पुढे १८१६ मध्ये पॅरिस येथे लाएनेक याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लावली, आणि आजच्या स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. मडके असो, रुपया असो की माणसाची छाती असो, आतले वर्तमान बाहेर येण्याची वाट एकच.

आणि आम्ही तर यवतमाळ जिल्ह्याचे रहिवासी. आमचे बालपण दारव्ह्यास गेले. यवतमाळ आणि मूर्तिजापूर यांच्या दरम्यान अरुंद रुळांवरून जाणारी जी आगगाडी लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत, तिला १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढीत होते. आता ती गाडी धावत नाही. परंतु तेव्हा ओसरीवर बसलेली वडीलधारी मंडळी इंजिनाची धाप ऐकून आज डब्यांत ओझे किती आहे हे सांगत. दसरा उलटला, कापूस घरी येऊ लागला, की जिनिंगमधील रेचे सुरू होत; त्या घरघराटातही एखाद्या रेच्याचा सूर बदलला की फिटर हातातली विडी टाकून उठे. अशा मुलखात वाढलेल्या माणसास यंत्राचे ऐकावे कसे, हे शिकविण्याची गरज नसावी. तरीही गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोटारीने आम्हांस एक धडा दिला. ऐकू येणे ही एक क्रिया आहे आणि ऐकून घेणे ही दुसरी, हाच तो धडा.

आमची मोटार पेट्रोलवर चालणारी, नऊ वर्षांची, आणि स्वभावाने आमच्यासारखीच संथ. ती आम्ही हौसेखातर ठेवलेली नाही. आमची आई एकोणऐंशी वर्षांची आहे; तिच्या रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी तिला दर महिन्यास वर्ध्याकडील एका रुग्णालयात न्यावे लागते. यवतमाळहून कळंब, तेथून वर्धा नदी ओलांडून देवळी, आणि पुढे वर्धा, असा सुमारे सत्तर किलोमीटरांचा तो रस्ता. कळंबला चिंतामणीच्या दिशेने हात जोडल्यावाचून आई पुढे जाऊ देत नाही. चैत्र-वैशाखात पऱ्हाटी निघून गेलेली शेते उघडी पडतात, पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो, आणि मैल मैल सावलीचे नाव नसते. अशा रस्त्यावर मोटार बंद पडणे म्हणजे आम्हांस गैरसोय. परंतु मागे बसलेल्या वृद्ध जिवास तो केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हता.

फाल्गुनाच्या अखेरीस मोटारीखाली पाण्याचे थेंब दिसू लागले. इंजिनातील उष्णता वाहून नेणारे पाणी ज्या पंपाने खेळते, तो पंप गळत होता. ज्यांच्याकडून मोटार घेतली त्याच विक्रेत्यांच्या कार्यशाळेत आम्ही ती नेली. काचेच्या भिंती, थंडगार दालन, कागदी पेल्यातील कॉफी आणि प्रत्येक वाक्यागणिक 'सर' म्हणणारा एक तरुण असा सगळा थाट होता. पंप नवा बसला, त्याबरोबर पट्टाही नवा घातला, मोटार धुऊन-पुसून आमच्या स्वाधीन झाली आणि बिलाचा आकडा पाहून आम्ही कॉफीचा दुसरा पेला नाकारला. गळती थांबली होती, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सुरू केली आणि आत कोठेतरी रातकिडा बोलू लागला. चिर्र, चिर्र, चिर्र. इंजिनाचा वेग वाढवावा तसा त्याचा ताल जलद होई. रस्त्यावर वेगात गेलो की वाऱ्याच्या आवाजात तो बुडून जाई. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, हा आवाज काल नव्हता."

येथे मराठी भाषेविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. यंत्राच्या दुखण्यांना आपल्या भाषेत जितके नेमके शब्द आहेत तितके क्वचितच कोठे असतील. एखादा पत्रा किंवा त्याचा खिळा सैल झाला तर इंजिन खडखडते. बेअरिंग झिजले तर घरघरते. तेल कमी पडले किंवा व्हॉल्व्हजवळची फट वाढली तर टिकटिकते. हवेची नळी कोठे निसटली तर फसफसते. पट्टा नीट चालत नसेल तर किरकिरतो, आणि तोच ढिला पडला तर किंचाळतो. आणि खोलवरून जाड, जड अशी ठकठक येऊ लागली तर शहाण्याने त्याच क्षणी इंजिन बंद करून चालत घरी यावे. हे शब्द म्हणजे निदानाचा एक छोटा कोशच आहे. परंतु कार्यशाळेतील त्या तरुणापुढे हा कोश उघडण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. आम्ही 'किरकिर' म्हणालो, त्याने यंत्रावर 'जनरल नॉइज' असे टिपले, आणि तेथेच निम्मे निदान हरवले.

शिवाय, आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा मोटार तापलेली होती आणि रातकिडा झोपला होता. दातांच्या वैद्याच्या पायरीवर दात दुखावयाचा थांबतो, तशातलाच हा प्रकार. तरुणाने बॉनेट उघडून क्षणभर पाहिले आणि म्हटले, "नॉर्मल आहे सर. बेल्ट नवीन आहे. हजारेक किलोमीटर चालली की सेट होईल." आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी त्याने कसलासा फवारा आणवून पट्ट्यावर मारला. आवाज जादू केल्यासारखा नाहीसा झाला. आम्ही कृतज्ञतेने घरी आलो. दोन दिवस शांततेत गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रातकिडा पुन्हा बोलू लागला, तो अधिकच मोठ्याने. आमच्या हातातील कागदावर मात्र लिहिलेले होते: आवाज तपासला, ठीक.

त्या 'ठीक'ने आमची जी अवस्था केली ती सांगण्यासारखी आहे. आम्ही आमच्या कानावरच संशय घेऊ लागलो. एक स्नेही म्हणाले, तुम्हांला सवयच आहे, छापलेल्या ओळीतही चुका शोधता. दुसरे म्हणाले, वय झाले म्हणजे असे होते, मोटारीचेही आणि मालकाचेही. आम्ही रेडिओ लावून मोटार चालवू लागलो. मनुष्याला आपल्या कानाने ऐकलेले खोटे ठरविणे इतके सोपे जाते, याचे आम्हांस आजही आश्चर्य वाटते. छापील कागद समोर असला की आपण स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊ लागतो.

एके दिवशी आईला दत्ताच्या देवळात नेत होतो. मागच्या आसनावरून ती म्हणाली, "अरे, ही गाडी काहीतरी सांगते आहे. तुम्ही तिचे ऐकत का नाही?" एवढे बोलून ती खोकली. आम्ही म्हणालो, "धूळ फार आहे, काच वर करतो," आणि काच वर केली.

तिच्या त्या बोलण्याने म्हणा की पुढच्या आठवड्यात वर्ध्याची फेरी होती म्हणून म्हणा, आम्ही मोटार दारव्हा रस्त्यावरील एका मिस्त्रीकडे नेली. कडुनिंबाखाली त्याचे दुकान. वर पत्रे, खाली तेलाने काळी झालेली माती. ऐन उमेदीत तो जिनिंगमध्ये कामास होता. त्याने आम्हांस काहीच विचारले नाही. "सकाळी आणा जी, इंजिन थंडं असते तवा," एवढेच म्हणाला. सकाळी नेली. त्याने मोटार सुरू करावयास सांगितले आणि डोळे मिटून उभा राहिला. मग एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनावरील एकेका स्थिर भागावर टेकविले आणि मूठ कानाला लावली. लाएनेकची कागदी सुरळी आणि या मिस्त्रीचा पेचकस यांत आम्हांस काडीचेही अंतर दिसले नाही. "बेअरिंगा चांगल्या हाये," तो म्हणाला.

नंतर त्याने पाण्याची बाटली घेतली, झाकणाला भोक पाडलेली, आणि हात दूर ठेवून फिरत्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर पाण्याची बारीक धार सोडली. आवाज थांबला, आम्ही पाच-सात आकडे मोजले नसतील तोच पुन्हा सुरू झाला. मिस्त्री हसला. "पाणी मारल्यावर आवाज वाढला असता त बेल्ट ढिला म्हणायचा. हा त घडीभर चूप झाला अन् पुन्हा बोलला. म्हणजे बेल्ट तिरपा चालून राहिला."

इंजिन बंद करून त्याने विजेरीचा झोत आत टाकला आणि आम्हांस वाकावयास लावले. या पट्ट्याच्या आतल्या बाजूस लांबीने सहा बारीक धारा असतात, आणि ज्या पुल्यांवरून तो फिरतो त्यांवर तशाच सहा खाचा. नव्या पंपाच्या पुलीवर पट्टा एका खाचेने बाहेर बसला होता. सदऱ्याचे पहिले बटण दुसऱ्या काजात गेले म्हणजे खालची सगळी बटणे निमूटपणे चूक करीत जातात, तसे झाले होते. सहावी धार काठावरून बाहेर लोंबत होती आणि तिचे सूत सुटू लागले होते. वीज निर्माण करणारे यंत्र, गार हवेचे यंत्र आणि पाण्याचा पंप ही तिन्ही या एकाच पट्ट्यावर चालतात. तो तुटला असता तर पाणी खेळावयाचे थांबले असते आणि थोड्याच वेळात इंजिन तापून बंद पडले असते, किंवा कायमचे बिघडले असते. कळंब आणि देवळी यांच्या दरम्यानचा सावली नसलेला रस्ता आमच्या डोळ्यांसमोरून गेला.

"कोणी फवारा मारला होता काय?" मिस्त्रीने विचारले. आम्ही मान हलविली. तो म्हणाला, "आवाज दाबला, दुखणं तसंच. मी हात नाही लावत जी. मी खोलला त उद्या ते म्हणतील, बाहेरच्यानं बिघडवलं. ज्यानं बसवला त्यालेच दाखवा. पण वर्ध्याले असं नका जाऊ." त्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला, तोही आमच्या फार आग्रहाने.

आम्ही सुटलेल्या धारेचे छायाचित्र घेतले आणि हळूहळू कार्यशाळा गाठली. मनात कायद्याची भाषा तयार होती. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. सेवेतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, हे सर्व आम्ही रात्री वाचून ठेविले होते. ते वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात आली होती. कायद्याला कान नसतात. त्याला कागद लागतो. आणि आमच्या कागदावर आमची तक्रार आमच्या शब्दांत कोठेच नव्हती. वाचकांनी आमच्या या चुकीपासून एवढे तरी घ्यावे: आवाज केव्हा येतो, थंड असताना की तापल्यावर, उभ्या मोटारीत की चालत्या, कोणत्या दुरुस्तीनंतर आला, हे कार्यशाळेच्या कागदावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावे, आणि मोटार रात्रभर तेथेच ठेवून सकाळी आपल्यासमक्ष सुरू करावयास सांगावी. भांडण त्यानंतर करावयाचे असेल तर करावे.

भांडण करावे लागले नाही. त्या तरुणाऐवजी आम्ही फोरमनला भेटलो. त्याने छायाचित्र पाहिले, मग मोटार पाहिली, आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, चूक आमची आहे." पाऊण तासात नवा पट्टा योग्य खाचेत बसला. एक पैसाही घेतला नाही. तो तरुण दूर उभा होता. आमचा राग त्याच्यावर राहिला नाही. दुपारपर्यंत त्याला बारा मोटारी पाहावयाच्या होत्या. 'नॉर्मल आहे' या दोन शब्दांनी एक मोटार पुढे सरकते, हे त्याला कोणीतरी शिकविले होते. ते शब्द खोटे बोलण्याच्या हेतूने म्हटले जात नाहीत. पुढचे ऐकावे लागू नये म्हणून म्हटले जातात.

गोष्ट येथे संपली असती तर हा निबंध लिहिण्याचे धैर्य आम्हांस खुशाल झाले असते. आमची बाजू त्यात अगदी निर्मळ राहिली असती. परंतु दोन दिवसांनी आम्ही आईला घेऊन वर्ध्यास निघालो. इंजिन गप्प होते, रेडिओची आवश्यकता उरली नव्हती, आणि त्या शांततेत मागच्या आसनावरचा खोकला आम्हांस प्रथमच नीट ऐकू आला. कोरडा, बारीक, थोड्या थोड्या वेळाने येणारा. काचा बंद होत्या. धूळ कोठेच नव्हती.

"आई, हा खोकला केव्हापासून आहे?"

"गोळी बदलली तेव्हापासून. सांगितले होते रे तुला."

सांगितले होते. दोनदा सांगितले होते. पहिल्या वेळी आम्ही म्हणालो होतो, हवा बदलली आहे, वयोमानाने व्हायचेच. दुसऱ्या वेळी आम्ही तिला ज्येष्ठमध आणि खडीसाखर आणून दिली होती, आणि दोन दिवस तिला बरे वाटले होते. कळंब आले, आईने हात जोडले, आणि आम्ही पुढचा रस्ता काहीही न बोलता काटला. नवी वस्तू बसविल्यानंतर नवा आवाज आला होता. तक्रार नेमक्या शब्दांत केलेली होती. आम्ही 'नॉर्मल आहे' म्हणालो होतो, आणि फवाराही मारला होता.

रुग्णालयात आम्ही सर्व हकीकत तारीखवार सांगितली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि समजावून सांगितले की रक्तदाबावरील औषधांच्या एका वर्गाने काही लोकांस असा कोरडा खोकला लागतो. ही वैद्यकास जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. गोळी आपण होऊन बंद करावयाची नसते, परंतु सांगितले म्हणजे बदलून देता येते. त्यांनी ती बदलून दिली. मग आईकडे वळून विचारले, "आजी, एवढे दिवस घरी बोलला नाहीत का?"

आईने आमच्याकडे पाहिले. "तसा फारसा नव्हता हो," ती म्हणाली.

फोरमनला जे वाक्य बोलता आले ते तेथे आम्हांस बोलता आले नाही. परतीच्या वाटेवर, देवळी मागे पडल्यानंतर, आम्ही ते आईजवळ बोललो. तिने ते ऐकले, आणि नेहमीप्रमाणे विषय बदलून मुलांच्या परीक्षेकडे नेला. महिन्याभरात खोकला गेला.

'कुरकुर' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. दाराची बिजागरी कुरकुरते आणि म्हातारी माणसेही कुरकुरतात. दोन्ही ठिकाणी आपण तो किंचित कंटाळ्याने उच्चारतो, जणू आवाज करणाऱ्याचाच काही अपराध आहे. वास्तविक कुरकुर करणारी वस्तू आपल्यावर अद्याप विश्वास ठेवून असते. कोणी ऐकेल या आशेनेच ती बोलते. जिचे बोलणे थांबले, ती बरी झाली की तिने नाद सोडला, हे पाहणे मग आपल्याकडे येते.

सध्या आमच्या मोटारीच्या डाव्या दारात एक नवी खडखड सुरू झाली आहे. या वेळी ती आम्ही आमच्या शब्दांत लिहून दिली आहे. कार्यशाळेतील तो तरुण वाचून म्हणाला, "सर, मी स्वतः बसून ऐकतो." आणि खरोखरच तो शेजारी बसून दारव्हा नाक्यापर्यंत आला. आम्हांस त्या वेळी आजीच्या बाजारातील तो कुंभार आठवला. मडके बद्द वाजले तर दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा नसतो, हे आजीला तर ठाऊक होतेच. पण ते कुंभारालाही ठाऊक होते, म्हणून तो वाद न घालता दुसरे मडके पुढे करीत असे.